तुम्हा दोघांचा जिताडा

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलं असशील, आणि चहा होईपर्यंत ते तसंच टेबलावर पडू दिलं असशील. उघडलंस ते बरं केलंस. काम आहे म्हणून लिहिते, गळा काढायला नाही.

ह्यांची गळाची काठी तुझ्याकडे आहे. ती पाठवून दे. रीळसुद्धा. आमच्या घरात उभी करायला जागा नाही म्हणून ती तुझ्या बाल्कनीत असायची, आणि तू बदली घेऊन गेलीस तेव्हा तुझ्या सामानाबरोबर तीही गेली. चुकून गेली असं मी धरून चालते. कशाला हवी ते विचारू नकोस.

मागच्या वर्षीचं काही परत घ्यायला हे पत्र लिहिलंय असा गैरसमजही नको. लोक भेटायला येत होते, मी पलंगावर बसले होते आणि तू स्वयंपाकघराच्या दारात अशी हमसून रडत होतीस, की येणारा प्रत्येक जण आधी तुझ्यापाशी थांबायचा. शेवटी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "धाकटे, नवरा माझा गेलाय." तू डोळे पुसलेस, चपला घातल्यास आणि गेलीस. नवरा माझाच गेला होता. त्यात खोटं काय होतं?

काल मत्स्य संशोधन केंद्रातल्या त्या बाई दुकानात आल्या. कोट ड्रायक्लीनला टाकायचा होता. ह्यांचा फोटो भिंतीवर पाहून थबकल्या. म्हणाल्या, "अहो, हे तर आमचे खाडीवरचे!" मग त्यांनी सांगितलं की तू आणि ह्यांनी मिळून टॅग लावून सोडलेला एक जिताडा पार पलीकडच्या नदीच्या तोंडाशी कुणालातरी सापडला. वीतभर वाढलाय म्हणे. त्या माणसाने नंबर कळवून परत सोडून दिला.

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना हसत सांगत आले, की माझा नवरा दर रविवारी मासे धरायला जातो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. केंद्राच्या नोंदींसाठी मासा धरायचा, पाठीत नंबराचा टॅग टोचायचा, लांबी मोजायची आणि द्यायचा सोडून. लोक हसायचे, मीही हसायचे. काल हसू आलं नाही. आम्हाला मूलबाळ झालं नाही, ते तुला माहीत आहे. आणि तुम्हा दोघांचं काहीतरी तिकडे पाण्यात वाढतंय.

बाईंनी विचारलं, "तुम्हीही जायचात का त्यांच्याबरोबर?"

"नाही."

"अरेरे," म्हणाल्या. जणू मला एक पाय कमी आहे. वर आणि, "तुमच्या बहिणीसारखा हात नाही हो कुणाचा!"

काठी लवकर पाठव.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

काठी पोचली. जुन्या चादरीत गुंडाळलेली, दोन्ही टोकांना पुठ्ठा, आणि सुतळी इतकी आवळलेली की सोडवताना माझं नख तुटलं. आत चिठ्ठी नाही. एक ओळ लिहिली असतीस तर तुझ्या पेनातली शाई आटली नसती.

मुठीवर निळा दोरा दोन ठिकाणी गुंडाळलाय. वरची जागा ह्यांच्या हाताची, ती मी ओळखते. खालची तुझी. मी माझा हात दोन्हींवर ठेवून पाहिला. एकीतही बसत नाही.

आता सांगते. बाई कोट न्यायला आल्या तेव्हा मी म्हणाले, "टॅग लावणाऱ्यांत माझं नाव लिहून घ्या." त्यांना वाटलं मी थट्टा करते. पोहता येतं का विचारलं, येतं म्हणाले. होडी सोसते का विचारलं, सोसते म्हणाले. पहिलं खरं होतं.

मागच्या रविवारी सकाळी त्या मला शिकवायला घेऊन गेल्या. नाववाला तोच, तुमचा जाड मिशांचा. धक्का सोडून थोडं पुढे गेलो आणि माझ्या पोटात ढवळायला लागलं. एका बाजूला ओणवी झाले ती झालेच. नाववाला म्हणाला, "वहिनी, आज वेगळं आमिष टाकायची गरज नाही!" बाई हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

ओकता ओकता मला सगळं आठवत होतं. लग्नानंतर ह्यांनी मला एकदाच नेलं होतं आणि तेव्हाही हेच झालं. होडी वळवून मला घरी आणलं, तोंडावर पाणी मारलं. पुढच्या रविवारी ते दारात काठी घेऊन घुटमळत होते आणि तू आमच्याकडे राहायला आली होतीस. मीच तुला म्हणाले, "धाकटे, जा गं ह्यांच्याबरोबर. माझी सुटका कर." तुला तर मासा हातात धरायची किळस यायची. मीच ढकललं तुला. पायावर धोंडा म्हणतात तो असा उचलून पाडून घेतलेला असतो.

पण मी एका रविवारसाठी म्हणाले होते. जन्मभरासाठी नाही.

ताई

१२ मार्च

धाकटे,

पोटाचं जमलं. रिकाम्या पोटी जायचं नाही आणि पाण्याकडे बघायचं नाही, दूर झाडांच्या रेषेकडे बघायचं. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मी शोधलं.

काल मासा लागला. माझ्या गळाला, माझ्या हाताने. काठी अशी वाकली की मला वाटलं खाडीच वर ओढली जातेय. बाईंनी हातजाळीत घेतला, ओल्या फडक्याने डोळे झाकले. डोळे झाकले की तो शांत होतो, हे तुला सांगायला नको. मी सुई घेतली. पाठीच्या पराच्या मुळाशी, खवला उचलून, तिरकी. एका झटक्यात टॅग बसला. बाई म्हणाल्या, "पहिल्या वेळेला असा कुणाचाच बसत नाही!" मी म्हणाले, लोकांच्या कॉलरींना नंबर टोचण्यात माझा जन्म गेलाय, आणि सिल्कच्या साडीला भोक पाडायची सोय नसते.

इतकी खूश होते मी. मनात म्हणत होते, आता लिहिते धाकटीला.

मग बाई म्हणाल्या सोडा, मी सोडला. तो कुशीवर वळला. पोट वर, पांढरं. पर हलतोय न हलतोय. नाववाल्याने वल्ह्याने त्याला हळूच ढकललं, तरी नाही. होडी पुढे वाहत गेली आणि तो मागे राहिला. वरून एक घार घिरट्या घालत होती. पुढे काय झालं ते दिसलं नाही.

बाई म्हणाल्या, "होतं असं. मन लावून घेऊ नका." ह्यांचा एकही मासा कधी असा झाला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. झाला असता तर मला सांगितलं असतं, आठवडाभर सांगितलं असतं.

बाईंना परत परत विचारायची लाज वाटते. नाववाल्याला विचारलं तर तो विनोद करील. तुला विचारायची तर सगळ्यात जास्त लाज वाटते, पण ती पाकिटात घालून चिकटवता येते. सोडायचं कसं? तू सोडायचीस ना? नाववाला म्हणतो ती सोडायची, साहेब नुसते बघत बसायचे.

मला वाटायचं हे सोडायचे.

ताई

२६ मार्च

धाकटे,

पत्र मिळालं. "तीर्थरूप ताईस" नाही, "कशी आहेस" नाही. सगळं माशाचं.

"हात ओले कर. एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या मुळाशी, आवळायचं नाही. तोंड प्रवाहाकडे. तोंड प्रवाहाकडे धरलं की पाणी आपोआप कल्ल्यांतून जातं. मागे-पुढे हलवू नकोस. थांब. तो निघाला की तुला कळेल, तुला सोडावं लागणार नाही."

आधी वाटलं ह्यांचंच शिकवलेलं तू मला उष्टं पाठवलंस. मग परत वाचलं. एवढ्या गोष्टीला ह्यांना वीस वाक्यं लागली असती, मध्ये एक मामा आला असता आणि एक बस चुकली असती. हे तुझंच आहे. म्हणजे तूच त्यांना शिकवलंस. हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

तसं केलं. रविवारी दोन लागले, दोन्ही हातातून गेले. दुसऱ्याने जाताना शेपटीने तोंडावर पाणी उडवलं.

पण लिहायचंय ते वेगळंच. परत येताना मी नाववाल्याला सहज विचारलं. सहज नाही, पहिल्या दिवसापासून जिभेवर होतं. "ती दोघं होडीत काय बोलायची हो?"

"कोण, साहेब आणि धाकट्या ताई? काही नाही."

"काही नाही कसं?"

"अहो वहिनी, काहीच नाही. सकाळी बसायचे, दुपारी उतरायचे. ताईंनी हात पुढे केला की साहेब सुई द्यायचे. साहेबांनी मान हलवली की ताई दोरा गुंडाळायच्या. मला आधी वाटलं भांडलेत. मग वाटलं मुके आहेत. साहेब पहिल्यांदा धक्क्यावर कुणाशी तरी बोलले, तेव्हा मी दचकलो होतो."

मी हसले. घरी आले, दुकान बंद होतं तरी शटर अर्धं वर केलं, आत जाऊन वाफेच्या इस्त्रीपाशी बसले.

तुला माहीत आहे ते कसे होते. सकाळी दात घासताना बोलायचे, फेसासकट. कोटाचं बटण कुणाचं तुटलं, समोरच्या शिंप्याने काय टोमणा मारला, बॉयलर कसा खोकतोय, स्वप्नात काय दिसलं. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझा नवरा बोलतो तरी! मला वाटायचं, हेच ते. ज्याच्याशी माणूस एवढं बोलतो, त्याच्यावरच त्याचा जीव असतो.

आणि गप्प बसायला तो माणूस तुझ्याकडे येत होता.

धाकटे, तुमचं काही लफडं असतं तर मला सोपं गेलं असतं. लफड्याला लोक नावं ठेवतात. बायकोच्या बाजूने चार जण उभे राहतात, मी तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या आणि मोकळी झाले असते. गप्प बसल्याची तक्रार कुणाकडे करायची? लोक म्हणतील, वेड लागलंय हिला. माझं मलाच वाटतं. रात्रंदिवस एकच डोळ्यांसमोर येतं, तुम्ही दोघं समोरासमोर बसलाय, पाणी हलतंय आणि कुणाला काही सांगायची गरज नाही. मला त्यांच्याबरोबर तसं एकदाही बसता आलं नाही. ते गप्प झाले की मी विचारायचे, "काय झालं? बरं नाही का?"

उत्तर देऊ नकोस.

ताई

१६ एप्रिल

धाकटे,

देऊ नकोस म्हटलं तरी दिलंस. लहानपणापासून तुला 'नको' कळतच नाही.

तुझं पत्र मी दुकानात, गल्ल्यामागे उभी राहून वाचलं. तू लिहितेस, खाडीत ते बोलायचे नाहीत, कारण सांगायचं ते सगळं माझ्यासाठी राखून ठेवायचे. धक्का दिसायला लागला की त्यांचे ओठ हलायचे. मला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, कुठे हसवायचं, त्याची जुळवाजुळव चालायची. "मी समोर बसलेली असायचे, ताई. जे घडलं ते माझ्यासमोर घडलेलं असायचं. पण मला त्यांनी एकदाही काही सांगितलं नाही. मी तुझ्या घरी जेवायला थांबायचे ना रविवारी, ती जेवायला नाही. ते तुला सांगायचे ते ऐकायला."

खोटं कशाला बोलू? वाचून मला आनंद झाला. इतका, की त्या दिवशी मी गिऱ्हाइकांशी साखर पेरल्यासारखी बोलले. एका बाईचा शालीवरचा डाग गेला नव्हता तरी ती हसत गेली. धाकटी माझ्यावर जळत होती! सगळी वर्षं! माझ्या ताटातलं बघत बसली होती!

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग इस्त्रीच्या टेबलापाशी आले आणि त्यांचं स्टूल दिसलं. रविवारी परत आले की ते त्यावर बसायचे. पाय हलवत सांगायचे, एक मासा कसा हुबेहूब आपल्या घरमालकासारखा तोंड करून बघत होता, दुसरा टॅग लावून घेताना कसा निमूट बसला, इंजेक्शनला बसलेल्या शहाण्या पोरासारखा. मी कॉलरी घासत असायचे. "हं," म्हणायचे. "हं. मग?" म्हणायचे. निम्मं कानावर पडायचं नाही. आणि तू पलीकडे ताटावर बसून प्रत्येक शब्द वेचत होतीस.

म्हणजे तुला हवं होतं ते माझ्याकडे येत होतं आणि मला हवं होतं ते तुझ्याकडे. आणि त्या बिचाऱ्याला वाटत असणार, आपण दोघींनाही सुखात ठेवलंय.

असो. बाईंना आता दर रविवारी येणं जमत नाही. केंद्राचा नियम आहे, एकट्या माणसाला होडी देत नाहीत. जोडीदार आणा म्हणतात. इथे मला कोण जोडीदार? समोरचा शिंपी यायला तयार आहे, पण तो मासा सोडणार नाही, तो घरी नेईल.

बस रात्रीची निघते आणि पहाटे पोचते. सुट्टी मिळत असेल तर बघ. गाद्या धुऊन ठेवल्यात. तुझ्यासाठी नाही, धुवायच्याच होत्या.

एक सांगून ठेवते. मी गप्प बसणार नाही. मला जमत नाही.

ताई

७ मे

धाकटे,

तुला बसमध्ये बसवून आले आणि लिहायला बसले. तू इथेच होतीस, सगळं तुझ्यासमोरच झालं, मग लिहायचं काय, असं म्हणशील. पण धक्क्यावर तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. माझ्या बाजूला काय चाललं होतं ते तुला माहीत नाही.

होडीतलं सोडून देते. तू धरलेस, काही मी टोचले, काही तू. मी बोलत होते, तू "ताई, हळू" म्हणत होतीस, तरी मी बोलत होते आणि जिताडे येतच होते. बहिरे असतील. तुझा हात पुढे आला की माझ्या हातातली सुई आपोआप तिकडे जात होती. ते मला आवडलं. आणि आवडतंय हे लक्षात आल्यावर हेच त्यांनाही आवडत असणार असं वाटून परत पोटात ढवळलं. लाट नव्हती.

मग धक्क्यावर ती बर्फवाली. मी इतके रविवार जाते, पण ती मला कधी दिसली नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती म्हणे, याच आठवड्यात परतली. तिने तुला लांबून पाहिलं, हातातलं पोतं टाकलं आणि लगबगीने आली. तुझे दोन्ही हात धरले. तिचे हात गारठलेले होते, तू शहारलीस ते मला दिसलं.

"पोरी, कळलं गं मला. तुझा माणूस गेला. किती शांत माणूस! तुमच्यासारखं जोडपं या धक्क्यावर मी पाहिलं नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. चोर पकडल्यासारखी. मग खाली पाहिलंस ते शेवटपर्यंत.

माझं तोंड उघडलं होतं, धाकटे. वाक्य तयार होतं. तेच, मागच्या वर्षीचं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की तिच्या गाडीवरचा बर्फ वितळला असता. शांत माणूस म्हणे! जोडपं म्हणे! माझा संसार ती उचलून तुझ्या पदरात घालत होती, आणि तोही इतक्या मायेने की तिच्यावर चिडायचीही सोय नाही.

पण तुझी हनुवटी थरथरायला लागली होती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की हिला हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हणतंय. माझ्याकडे माणसांची रीघ लागली होती. शिंपी आला, घरमालक आला, ज्यांचे कपडे आम्ही कधी काळी धुतले होते तेही आले. प्रत्येकाने माझा हात धरला. तू दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस. अंधाऱ्या खोलीत लोकांच्या छातीचे एक्सरे काढत बसलीस, श्वास धरा, श्वास सोडा. मेहुणीला भेटायला कोण जातं? तुला रडायची एकच जागा होती, माझं स्वयंपाकघर. तिथून मी तुला उठवलं.

बर्फवालीने विचारलं, "कसं झालं गं?"

 मग मीच तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सांग."

आणि तू सांगितलंस. दुपारी त्यांना तुझ्या इस्पितळात आणलं तेव्हा तू एक्सरेच्या खोलीतून बाहेर येत होतीस. स्ट्रेचरवर पांढरा शर्ट दिसला, तुला वाटलं इथलाच कुणी डॉक्टर चक्कर येऊन पडला असेल. मग हात दिसला, लटकणारा. अंगठ्याला गळ लागल्याची जुनी खूण. तू त्या माणसांच्या मागे धावलीस, दार बंद झालं आणि तू दाराबाहेर उभी राहिलीस. मी आले तेव्हा मला आत सोडलं, कारण मी बायको. तू बाहेरच होतीस. हे मला माहीत नव्हतं. मी तुझ्यासमोरून आत गेले असणार आणि मला तू दिसली नव्हतीस.

बर्फवाली डोळ्यांना पदर लावून ऐकत होती. मीही ऐकत होते, आपल्याला काही ठाऊक नसल्यासारखी. तू रडलीस. कुणी तुला थांबवलं नाही.

निघताना तिने मला विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"थोरली बहीण," मी म्हणाले.

"सांभाळा हो हिला," ती म्हणाली. मी हो म्हणाले.

वाटेत तू विचारलंस, "ताई, तिला खरं का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, ऊन फार होतं. ते खोटं होतं. खरं कारण मलाही नीट सांगता येत नाही. माझा मत्सर गेला असंही समजू नकोस. घरी येईपर्यंत 'शांत माणूस, शांत माणूस' असं डोक्यात घण घालत होतं. पुढच्या महिन्यात आलीस तर तू तिच्याशी बोल, मी पुढे जाऊन होडीत बसेन.

आणि आता एवढंच. धक्क्यावर मी जीभ चावून गप्प राहिले, घरी जेवतानाही राहिले, बस सुटेपर्यंत राहिले. एवढं गप्प मी आयुष्यात बसले नव्हते. पण आणखी नाही जमत, आणि तुझ्याशिवाय हे सांगायला मला कुणी उरलेलं नाही.

शर्ट पांढरा नव्हता, धाकटे. राखाडी होता, बारीक रेघेचा. सकाळी मीच इस्त्री करून दिला होता.

ताई